पहिली पेटी

थंडी अजून पुरती गेलेली नसते, तेवढ्यात वर्तमानपत्रात दरवर्षीचं ते छायाचित्र येतं: देवगडच्या हापूसची पहिली पेटी वाशीच्या बाजारात दाखल. पेटीला हार घातलेला, पुढ्यात नारळ फोडलेला आणि मागे सात-आठ माणसं कॅमेऱ्याकडे बघत उभी. बातमीत सगळं असतं. पेटी कोणाच्या बागेतली, आली कशी, गेली कितीला. आंबा लागला कसा, हे मात्र मी आजवर एकाही बातमीत वाचलेलं नाही.

आम्हा जॅझवाल्यांचं अगदी असंच आहे. आम्ही पाच जण महिन्यातल्या एका रविवारी ठाण्याला डॉक्टरांच्या घरी जमतो. हेतू जॅझ ऐकणे हा असतो. प्रत्यक्षात पोहे होतात, चहा होतो, कोणाकडे काय नवीन आलं याची चौकशी होते, अॅम्प्लिफायर तापेपर्यंत दुसरा चहा होतो, आणि मग कोणाला तरी लोकल गाठायची असते. असल्याच एका रविवारी अॅम्प्लिफायर दुरुस्तीला गेलेला होता, त्यामुळे बोलायला भरपूर वेळ होता. कोणीतरी विचारलं, "तुमची पहिली पेटी कोणती हो?"

पेटी म्हणजे बॉक्स सेट. हा शब्द आमच्यात रूढ झालाय, पण तो फारसा सोयीचा नाही. पेटी घेतली म्हटलं की सासुरवाडीला वाटतं, जावई हार्मोनियम शिकतोय. मुंबईच्या काही भागांत पेटी म्हणजे एक लाख रुपये. त्यामुळे "दोन पेट्या आल्यात, एक तुमच्याकडे ठेवा, घरी कळता कामा नये" असलं वाक्य लोकलमध्ये मोबाइलवर बोलू नये. शेजारचा माणूस उठून उभा राहतो. खोका म्हणावं, तर महाराष्ट्रात त्या शब्दाचं हल्ली काय झालंय ते आपण जाणतोच. तेव्हा पेटीच बरी.

पहिला मान वयाने डॉक्टरांचा. ऐंशीच्या दशकात ते न्यू जर्सीत रेसिडेन्सी करत होते. रात्रपाळ्या करायच्या, दिवसा झोपायचं, आणि उरलेल्या वेळात रेकॉर्डच्या दुकानात उभं राहून परवडत नसलेल्या वस्तूंच्या किमती पाठ करायच्या. तिथे त्यांना कळलं की मोझेक नावाची एक कंपनी निघालीय आणि तिचा माल दुकानात मिळतच नाही. कंपनी काढणारे दोघे: मायकेल कस्कुना आणि चार्ली लॉरी. ब्लू नोट या जुन्या, मरगळलेल्या कंपनीला पुन्हा उभं करायची योजना त्यांनी मालकांपुढे ठेवली, मालकांनी ती नाकारली, तेव्हा त्यातलंच एक कलम उचलून यांनी स्वतःचा संसार थाटला. थेलोनियस मंकची ब्लू नोटसाठी केलेली अर्ध्या तासाची अप्रकाशित ध्वनिमुद्रणं कस्कुनाच्या हाती लागली होती. अर्ध्या तासाची धड एलपी होत नाही. मग त्याने काय करावं? ते नवं आणि आधीचं सगळं जुनं एकत्र करून तारीखवार लावलं, चार एलपींची पेटी केली, सोबत छायाचित्रांचं आणि माहितीचं भलंमोठं पुस्तक दिलं, प्रत्येक पेटीला क्रमांक घातला, प्रती मोजक्या काढल्या आणि जाहीर केलं की माल फक्त टपालाने मिळेल. हे १९८३ साल.

मराठी माणसाला यात शिकवण्यासारखं काहीच नाही. मर्यादित प्रती, आगाऊ पैसे, टपालखर्च वेगळा: आपल्या कित्येक पिढ्या प्रकाशनपूर्व सवलतीवर पोसल्या गेल्यात. आणि 'समग्र' या शब्दापुढे आपण कसे विरघळतो, ते कुठल्याही मध्यमवर्गीय घराच्या काचेच्या कपाटात दिसतं. समग्र वाङ्मयाचे खंड रांगेने उभे असतात. पहिल्या खंडाची पुठ्ठ्याची कड जरा मऊ पडलेली, बाकीचे अजून छापखान्याचा वास धरून. मोझेकच्या पेट्यांच्या नावात 'कम्प्लीट' हा शब्द असायचा. एकदा घेतली की संपलं, पुन्हा या वाटेला जायला नको, अशा विचाराने माणूस ती घेतो. पहिली पेटी आजवर ज्याने ज्याने घेतली, त्याने ती शेवटची म्हणून घेतलेली आहे.

डॉक्टरांनी चेक पाठवला. टपालाने पेटी आली. काळी, जड, देखणी. आता फक्त रेकॉर्ड प्लेअर घ्यायचा राहिला होता.

"म्हणजे प्लेअर नव्हता तुमच्याकडे?" प्रोफेसरांनी विचारलं.

"पुढच्या पगारात घेणार होतो. पण तोवर पुढची पेटी जाहीर झाली."

असं दीड वर्ष चाललं. दीड वर्ष डॉक्टरांनी मंक नुसता वाचला. त्यांचं मंकबद्दलचं बोलणं अजूनही परीक्षेला बसल्यासारखं का वाटतं, त्याचा उलगडा मला त्या रविवारी झाला.

पुढे ते परत आले. विमानतळावर एका साहेबांनी सामान उघडायला लावलं. टोस्टर सोडला, कॅमेरा सोडला, पेटीपाशी थांबले.

"यात काय?"

"मंक," डॉक्टर म्हणाले.

"म्हणजे?"

डॉक्टर खोटं बोलत नाहीत. त्यांनी शब्दाचा अर्थ तेवढा सांगितला. "साधू."

साहेबांनी पेटीवरचं छायाचित्र बराच वेळ न्याहाळलं. "प्रवचनं आहेत?"

"पियानोवर."

साहेबांनी पेटी दोन्ही हातांनी उचलून परत दिली म्हणे. डॉक्टरांना मंकच्या त्या पेटीतल्या कुठल्या बाजूला काय आहे हे आजही नीट सांगता येत नाही. पण पेटीचा क्रमांक झोपेतून उठवून विचारला तरी सांगतील.

दुसरे आमचे बँकवाले, राहणार दादर. यांची पहिली पेटी चार्ली पार्करची: सॅव्हॉय आणि डायल या दोन कंपन्यांसाठी त्याने जे जे वाजवलं ते सगळं, आठ सीड्यांत. काळा घोड्याच्या रिदम हाऊसमधून घेतली. ते दुकान २०१६ साली बंद झालं, तेव्हा बँकवाले घरात कोणी गेल्यासारखे दोन दिवस गप्प होते. पेटीची किंमत घरी सांगण्यासारखी नव्हती. पण एका रात्रीत त्यांनी जो तोडगा काढला, तो बँकेतल्या माणसालाच सुचू शकतो.

"अहो, हे काय आणलंत? कितीला?" घरून विचारणा झाली. बँकवाल्यांनी खऱ्या किमतीला मनातल्या मनात आठाने भागलं आणि एका सीडीचा भाव सांगितला.

"खोटं कुठे बोललो? नगाचा दर सांगितला," ते आजही म्हणतात. या पद्धतीला आमच्यात 'भागिले आठ' म्हणतात, पेटीत सीड्या कितीही असोत. उघडकीला आलं ते सात महिन्यांनी, कारण दुकानाचं बिल त्यांनी पेटीतच जपून ठेवलं होतं. संग्राहकाचं हे असंच असतं. गुन्हा करतो आणि पुराव्याला प्लास्टिकचं कव्हर घालतो.

पण त्याआधीच त्या पेटीने त्यांना एकदा गोत्यात आणलं होतं. 'कम्प्लीट' म्हणजे खरंच सगळं. नीट वाजलेलं, बिघडलेलं, सुरू होऊन चार सेकंदांत बंद पडलेलं, तेही. २६ नोव्हेंबर १९४५ रोजी न्यूयॉर्कला 'को को' वाजवायला घेतलं, त्याचा पहिला प्रयत्न त्यात आहे. सुरुवात अशी झोकात होते की अंगावर काटा यावा. मग मंडळी 'चेरोकी' या जुन्या गाण्याच्या चालीवर घसरतात, आणि कोणीतरी ओरडून, टाळ्या वाजवून सगळ्यांना थांबवतं. ती चाल वाजली असती तर तिच्या मालकाला पैसे मोजावे लागले असते म्हणून थांबवलं, असं सांगतात. जॅझच्या इतिहासातला हा थोर क्षण. बँकवाल्यांच्या सासूबाई तेव्हा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुक्कामाला होत्या. डोळ्याला पट्टी, त्यामुळे सगळं लक्ष कानात. पार्कर सुरू झाला, थांबला. पुन्हा सुरू झाला, थांबला. तिसऱ्यांदा थांबल्यावर त्या म्हणाल्या, "जावईबापू, खराब निघाली हो. पावती असेल तर बदलून आणा." आणि थोड्या वेळाने, स्वतःशीच, "आमचे वाजंत्रीवाले बरे. सुरू झाले की थांबत नाहीत."

याच्या अगदी उलट एक पेटी आहे आणि ती माझ्या मते जगातली सर्वांत विनोदी पेटी आहे. डीन बेनेडेट्टी नावाचा एक सॅक्सोफोनवाला पार्करच्या इतका नादी लागलेला होता की १९४७-४८ मध्ये तो पार्कर वाजवील तिथे ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन जायचा. पण यंत्र चालू करायचा फक्त पार्कर वाजवायला लागला की. पार्करने तोंडातून सॅक्सोफोन काढला, की यंत्र बंद. बाकीचे कितीही मोठे असोत, त्यांच्यासाठी टेप फुकट घालवणार नाही. म्हणजे संगीत नाटकाला जाऊन बालगंधर्वांचीच पदं ऐकायची आणि उरलेला वेळ कानात बोटं घालून बसायचं. ही सगळी तुकडेबाजी मोझेकने १९९० साली सात सीड्यांच्या पेटीत काढली, आणि ती विकली गेली. बँकवाले अजून तिच्या मागे आहेत.

याच बँकवाल्यांनी १९७८ साली रंगभवनात, पहिल्या जॅझ यात्रेत, प्रत्यक्ष सनी रॉलिन्स ऐकलाय. हे ते आम्हाला वर्षातून सरासरी चारदा सांगतात. काय वाजवलं होतं असं विचारलं की म्हणतात, "डास फार होते." रॉलिन्सला मुंबई नवीन नव्हती, त्याच्या आधी दहाएक वर्षं तो पवईच्या आश्रमात योगसाधनेसाठी राहून गेला होता. पवईला मनःशांतीसाठी जाण्याची एकेकाळी पद्धत होती, हे आज तिथल्या सिग्नलला चाळीस मिनिटं उभं असताना खरं वाटत नाही.

मुंबईचा विषय निघाल्यावर मग थोडा वेळ कोणी विनोद केला नाही. हल्दोण्याचा अंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट. फ्रँक फर्नांड, सेबास्टियन डिसूझा. ताजमहाल हॉटेलात आणि गावभरच्या नाचघरांत या गोवेकरांनी रात्र-रात्र जॅझ वाजवलं आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत जाऊन पोट भरलं. आपले सी. रामचंद्र, म्हणजे राम चितळकर, यांच्या १९५१ सालच्या 'अलबेला'त चिक चॉकलेटचा ट्रंपेट ऐकू येतो, माणूसही पडद्यावर दिसतो. त्या नाचघरांत यंत्र घेऊन बसणारा कोणी बेनेडेट्टी नव्हता. या मंडळींची 'कम्प्लीट' पेटी माझ्या तरी पाहण्यात नाही. निघाली, तर पाचही जण घेऊ. भागिले आठ न करता.

प्रोफेसर पुण्याचे. त्यांची पहिली पेटी जॉन कोल्ट्रेनची: नोव्हेंबर १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या क्लबमध्ये चार रात्रींत मुद्रित केलेलं सगळं, चार सीड्या, १९९७ साली निघालेली. ती घेण्यामागे देशभक्ती होती. कोल्ट्रेनची 'इंडिया' नावाची एक रचना आहे आणि या पेटीत ती चारदा येते. रविशंकरांवरून मुलाचं नाव रवी ठेवणारा माणूस चार वेळा 'इंडिया' म्हणतोय, तर आपण नाही म्हणायचं? प्रोफेसरांचे वडील, अप्पा, सवाई गंधर्व महोत्सवाला दरवर्षी स्वतःची सतरंजी आणि थर्मास घेऊन जाणारे. त्यांनी पेटी हातात घेतली, चष्मा वर करून यादी वाचली आणि म्हणाले, "अरे, एकच गाणं चार वेळा छापलंय. फसवलं तुला."

"अप्पा, तुमच्याकडे भीमसेनजींचा पुरिया धनाश्री किती कॅसेटांत आहे?"

"अकरा. पण प्रत्येक निराळा आहे."

प्रोफेसर नुसते बघत राहिले. अप्पांच्याही ते लक्षात आलं असावं, कारण ते पुढचे दोन तास बसून चारही 'इंडिया' ऐकत होते. मला वाटतं जॅझच्या या पेट्यांचा खरा गिऱ्हाईक आपणच. एकाच गाण्याचे पाच-पाच टेक ऐकून अमेरिकेतल्या बायका वैतागतात असं म्हणतात. आपल्याकडे तोच राग, तीच चीज, तोच गवई पन्नास वर्षं ऐकून माणूस घरी येतो आणि म्हणतो, आज निषाद काय लागला! शेवटी अप्पांनी एवढंच विचारलं, "मागे तो तंबोऱ्यासारखा सूर धरलाय, तो नीट जुळवून का घेत नाहीत? चार रात्री होत्या ना?"

इंजिनिअरसाहेबांची हकिगत छोटी आहे. ते नाशिकचे. बिल इव्हान्सच्या त्रिकुटाने २५ जून १९६१ च्या रविवारी त्याच क्लबमध्ये दुपारी आणि रात्री मिळून पाच बैठकी वाजवल्या. पुढे दोन आठवड्यांच्या आत त्यातला बास वाजवणारा स्कॉट लफॅरो मोटार अपघातात गेला, वय पंचवीस. त्या एका दिवसाची तीन सीड्यांची पेटी २००५ साली आली, ती यांची पहिली. ते वर्ष आपल्याकडे भारनियमनाचं. पेटी लावली, पहिलंच गाणं सुरू झालं, ग्लास किणकिणतायत, लोक कुजबुजतायत, पियानो छान चाललाय आणि मध्येच आवाज गेला. इंजिनिअरसाहेब सवयीने उठले आणि इन्व्हर्टर बघायला गॅलरीत गेले. तिथे सगळं ठीक होतं. वीज न्यूयॉर्कमध्ये गेली होती, १९६१ साली, ध्वनिमुद्रण चालू असताना, आणि कम्प्लीटच्या आग्रहापायी ती गेलेली वीजही पेटीत घेतली होती. "तेव्हा मला जॅझ आपलं वाटलं," ते म्हणाले.

राहता राहिलो मी. मला हवी होती माइल्स डेव्हिसची 'प्लग्ड निकेल'. शिकागोतल्या त्या नावाच्या क्लबमध्ये २२ आणि २३ डिसेंबर १९६५ ला वाजवलेल्या सात बैठकी, आठ सीड्या. ती १९९५ साली आली आणि माझा मावसभाऊ तेव्हा न्यू जर्सीत होता. व्यवहार सरळ होता. मावशीकडून त्याला जाणाऱ्या वस्तूंची जबाबदारी माझी, त्याच्याकडून माइल्स. त्या वर्षीचा विनिमयाचा दर मला आठवतो: एक माइल्स डेव्हिस बरोबर तीन किलो थालीपिठाची भाजणी, दोन डबे मेतकूट आणि गोडा मसाला. भाजणी मी स्वतः गिरणीत उभं राहून दळून घेतली. डिसेंबरात तो आला. रात्री दोन वाजता मी विमानतळावर हजर. त्याला वाटलं, त्याच्यासाठी आलोय.

घरी बॅग उघडली. त्याने मोज्यांच्या गुंडाळ्यांतून एक-एक सीडी काढून माझ्या हातात ठेवली. आठ भरल्या. मग शर्टांच्या घडीतून माहितीचं पुस्तक काढलं.

"आणि पेटी?" मी विचारलं.

"कसली पेटी? तो खोका? अरे दादा, फार जागा खात होता. नुसता पुठ्ठा तर होता. फेकला. आईच्या मिक्सरला जागा पाहिजे होती ना."

त्या क्षणी मी काय बोललो ते मावशीने नंतर आईला सांगितलं आणि आई माझ्याशी संक्रांतीपर्यंत बोलली नाही.

आठ सीड्या घेऊन मी दादरच्या एका बाइंडरकडे गेलो. हा माणूस जन्मभर खतावण्या आणि प्रबंध बांधत आलेला. त्याने लाल कापडाची पाठ, काळ्या रेक्झिनचे पुठ्ठे आणि आत सीड्यांसाठी आठ खिसे असं भरभक्कम काम केलं. पाठीवर सोनेरी अक्षरांत माइल्स डेव्हिस असं घालायला सांगितलं होतं. जागा पुरेना, म्हणून त्याने आपल्या समजुतीने 'मा. डेव्हिस' केलं. तेव्हापासून माझ्या कपाटात माननीय डेव्हिस आहेत. पाहुण्यांना ते एखादे माजी आमदार वाटतात.

हे ऐकून मंडळी इतकी हळहळली की डॉक्टरांनी आणखी पोहे मागवले. "पण ऐकलीत ना सगळी?" इंजिनिअरसाहेबांनी मला विचारलं. मी बँकवाल्यांकडे पाहिलं, बँकवाल्यांनी डॉक्टरांकडे. "निवृत्तीनंतरसाठी काही बाजू राखून ठेवल्यात," डॉक्टर म्हणाले. त्यांना निवृत्त होऊन सहा वर्षं झालीत. पोहे आले.

गोष्ट इथेच संपायची, पण गेल्या गणपतीत मावसभावाचा फोन आला. "दादा, तो खोका मी फेकलाच नव्हता रे. बेसमेंटमध्ये सापडला. इतकी वर्षं हिने मखराच्या दिव्यांच्या माळा ठेवल्या होत्या त्यात. पाठवू?" टपालखर्च चाळीस डॉलर. मी पत्ता डॉक्टरांचा दिला.

पेटी आली त्या रविवारी आम्ही पाचही जण वेळेच्या आधी हजर होतो. एका कोपऱ्याला कुंकवाचा डाग, आत कापराचा वास आणि तळाशी एक लाल बल्ब. बाकी पेटी खणखणीत. ती हातोहात फिरली. डॉक्टरांनी झाकण नाकाशी नेलं. प्रोफेसरांनी कडा तपासल्या. बँकवाल्यांनी आत कुठे बिल आहे का ते पाहिलं. मग लक्षात आलं की बाइंडरने सीड्यांसाठी घातलेले खिसे असे घट्ट शिवलेत की खतावणी फाडल्याशिवाय सीड्या निघणार नाहीत. माननीयांना हात लावायचा नाही, असं पाच विरुद्ध शून्य मतांनी ठरलं.

संध्याकाळी रिकामी पेटी काखोटीला मारून मी घरी आलो. बायकोने दार उघडलं, पेटीकडे पाहिलं, झाकण उचलून आत पाहिलं.

"हे अमेरिकेहून मागवलंत? रिकामं? किती पडले?"

"पाच डॉलर," मी म्हणालो.